गणवेशातला जोहार

"पूर्वी पार्कातला स्टाफ कसा हसतमुख असायचा! आता सगळे तोंड पाडून उभे. हजार-दीड हजाराचं तिकीट काढायचं आणि वर यांचा माज बघायचा." उन्हाळी सुट्टी संपली की हे वाक्य थोड्याफार फरकाने सगळीकडे ऐकू येते. सोसायटीच्या कट्ट्यावर, ऑफिसच्या कँटीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत. ऐकणाराही मान डोलावतो. "हो ना, सर्व्हिसच राहिली नाही कुठे."

१९८९ साली गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झाले. १९९८ साली त्याच्या शेजारी वॉटर किंगडम आले. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका उभे राहिले. मधल्या काळात हायवेच्या कडेला लहानमोठे वॉटर पार्क उगवले. इतक्या वर्षांत राइडची उंची, तिकिटाचा दर आणि आतल्या वडापावचा भाव यांवर भरपूर चर्चा झाली. ती राइड चालवणारा पोरगा कुठल्या गावचा, लॉकरची किल्ली देणारी मुलगी किती तास उभी असते, यावर झाली नाही. आता चर्चा सुरू झाली आहे, तीही त्यांच्या चेहऱ्यावर.

आमचे म्हणणे सरळ आहे. सेवेचा दर्जा घसरला, हे खरे. पण तो आधी पगारपत्रकात, ड्युटीच्या तक्त्यात आणि कंत्राटाच्या कागदात घसरला. चेहऱ्यावर तो सगळ्यात शेवटी उतरला. आणि दुसरे: दर्जाच्या नावाखाली ग्राहक जे मागतो त्यातला मोठा भाग सेवा नाहीच. ती जोहार घेण्याची जुनी सवय आहे.

हे आम्ही पुस्तके वाचून बोलत नाही. मागच्या मे महिन्यात आमच्या विहाराच्या ४२ मुलामुलींना घेऊन आम्ही एका पार्कात गेलो होतो. कोणत्या, ते सांगत नाही. एकाचे नाव घेतले की बाकीचे साळसूद ठरतात. मुलांच्या आयांनी वर्षभर महिन्याला थोडे थोडे पैसे साठवले होते. त्यामुळे गेटवर पिशव्या तपासून चपाती-भाजीचे डबे बाहेर ठेवायला लावले तेव्हा आमचेही डोके फिरले. समोर साठीला टेकलेला सिक्युरिटी गार्ड होता. आम्ही त्याच्यावर आवाज चढवला. तो एवढेच म्हणाला, "मला नका बोलू साहेब, वर कॅमेरा आहे."

दुपारी लॉकरपाशी रांग लागली होती. काउंटरवर एकच मुलगी. आमच्या पुढच्या कुटुंबातल्या गृहस्थांनी अनामत परत घेताना तिला विचारले, "ए, हसायला पैसे पडतात का तुला?" ती काही बोलली नाही. मग आवाज वाढला, मॅनेजर आला, मॅनेजरने तिच्याकडून सगळ्यांसमोर 'सॉरी सर' म्हणवून घेतले. गृहस्थ शांत झाले. त्यांची अनामत त्यांना पूर्ण मिळाली होती. किल्ली बरोबर होती. लॉकरमधले सामान जागेवर होते. तरी त्यांचे काहीतरी बाकी होते आणि ते त्या 'सॉरी सर'ने वसूल झाले.

त्याच दिवशी शौचालयामागच्या भिंतीला टेकून अस्वलाचा पोशाख घातलेला एक पोरगा बसला होता. अस्वलाचे डोके बाजूला काढून ठेवलेले, केस घामाने चिकटलेले, हातात पाण्याची बाटली. आमच्यातल्या एकाने मोबाइल काढला तसा तो घाबरून म्हणाला, "दादा, फोटो नका काढू. डोकं काढलेलं दिसलं तर दिवस कापतात." मे महिन्याच्या उन्हात, फोम आणि केसाळ कापडाच्या आत, तो लहान मुलांना मिठ्या मारत होता. बाहेरून अस्वल हसत होते. ते कायमच हसते, कारण ते शिवलेले हसू आहे. ग्राहकाला कामगारही तसाच हवा आहे, हसू शिवून घेतलेला.

आता हिशोब मांडू. ग्राहकाचे हक्क आम्ही नाकारत नाही. आमच्या वस्तीतली आईही ग्राहकच आहे आणि तिचे पैसे सगळ्यात कष्टाचे आहेत. राइड बंद असूनही पूर्ण तिकीट घेतले, शौचालय घाण होते, पिण्याचे पाणी विकत घ्यायला लावले, चुकीची माहिती दिली, मुलीबाळींशी गैरवर्तन झाले, कपडे किंवा बोली पाहून कोणाला ताटकळत ठेवले, तर तक्रार केलीच पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतील त्रुटीविरुद्ध दाद मागता येते. पण त्याच कायद्याने 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येतून एक गोष्ट स्पष्टपणे वगळली आहे: वैयक्तिक चाकरीचा करार. म्हणजे तिकीट काढून तुम्ही कंपनीची सेवा घेता. काउंटरवरची मुलगी तुमच्या चाकरीला लागत नाही. दावा कंपनीवर करा. शौचालय घाण असेल तर तिथे किती सफाई कामगार नेमले ते विचारा. रांग तासभर हलत नसेल तर काउंटर किती आणि माणसे किती ते विचारा. हे प्रश्न मॅनेजरच्या वरच्या माणसाला विचारावे लागतात, तिथे आवाज चढत नाही. म्हणून तो काउंटरवर चढतो.

आता त्या न मिळालेल्या हसण्याकडे येऊ. आमच्या आजा-पणजांना गावात वरच्या माणसासमोर वाकून जोहार घालावा लागे. काम केले तरी जोहार, काम केल्याचा मोबदला मागायला गेले तरी जोहार. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याखाली महार वतनदार गावाचा आणि सरकारचा चोवीस तासांचा चाकर होता. कामाचे तास ठरलेले नाहीत, कामाची यादी ठरलेली नाही, तो स्वतः हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. मोबदला म्हणजे तुटपुंजी जमीन आणि गावाच्या मर्जीवरचे बलुते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात याविरुद्ध विधेयक मांडले. ही वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले. जोहार मात्र लोकांनी कायद्याची वाट न बघता टाकला आणि 'जय भीम' म्हणायला सुरुवात केली. दोन शब्दांत पाठीचा कणा सरळ झाला.

त्या व्यवस्थेची लक्षणे पुन्हा वाचा. न ठरलेले तास. न ठरलेली कामे. मर्जीवरचा मोबदला. सतत वाकलेली मान. आता पार्कातल्या कंत्राटी कामगाराकडे बघा. 'सीझन' आहे म्हणून ड्युटी लांबते. राइडवर नेमलेला पोरगा गर्दी ओसरली की खुर्च्या उचलतो. पगार कंत्राटदाराच्या हातात, त्याहून जास्त ग्राहकाच्या अभिप्रायात. आणि मान वाकलेली नसेल तर 'अ‍ॅटिट्यूड आहे' असा शेरा. वतनाचे नाव गेले, गणवेश आला. जोहाराच्या जागी 'गुड मॉर्निंग सर' आले. माणूस स्वखुशीने नमस्कार करतो तेव्हा तो शिष्टाचार असतो. केला नाही तर दिवस कापतात तेव्हा तो जोहार असतो, भाषा कोणतीही असो.

कोणी म्हणेल, प्रत्येक गोष्टीत जात कशाला आणता? आम्ही आणत नाही, ती तिथे आधीच उभी असते. कोणत्याही पार्कात एकदा गेटपासून मागच्या भिंतीपर्यंत चालत जा आणि कोण कुठे उभे आहे ते पाहा. तिकीट खिडकीवर आणि 'गेस्ट रिलेशन'च्या टेबलावर कोण? राइडच्या लिव्हरवर कोण? पाण्याच्या टाकीतला शेवाळ घासायला, शौचालय धुवायला, उष्टी ताटे उचलायला कोण? नेमणुकीच्या वेळी जात विचारत नाहीत, 'पर्सनॅलिटी' बघतात. रंग, बोली, आडनाव, इंग्रजीचा उच्चार या सगळ्यांची मोट बांधून त्याला दिलेले हे नवे नाव आहे.

जुने नाव काय होते ते बाबासाहेबांनी १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला भरलेल्या जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत सांगितले होते. ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही मांडणी तिथलीच. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचे विणखाते अस्पृश्यांना बंद होते, कारण तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला विटाळ होई. रेल्वेतही अस्पृश्याला पोर्टरचे काम मिळणे कठीण, कारण पोर्टर स्टेशन मास्तरच्या घरची कामे करी. गिरणीत विटाळ तोंडाचा होता. पार्कात तो चेहऱ्याचा आहे. पुढे कोणता चेहरा ठेवायचा आणि मागे कोणता, हे आजही ठरवूनच होते. मागे ठेवलेल्या चेहऱ्याने पुढे येताच हसले पाहिजे, ही अट तेवढी नवी.

यावर हमखास उत्तर येते: "बाहेरच्या देशांत बघा. डिस्नीलँडला जा, झाडूवालासुद्धा हसतो." ठीक आहे, तिकडेच बघू.

१९५५ साली कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइमला डिस्नीलँड सुरू झाले. तिथे कामगाराला कामगार म्हणत नाहीत, 'कास्ट मेंबर' म्हणतात, म्हणजे नाटकातले पात्र. उच्चार ऐकून आमच्या वाचकांना हसू येईल. स्पेलिंग वेगळे आहे, एवढेच समाधान. ग्राहकासमोर असताना भूमिका सोडायची नाही, हा तिथला नियम. तिथल्या राइडवर स्वतः काम केलेल्या जॉन व्हॅन मानेन या अभ्यासकाने त्या जागेला हास्याचा कारखानाच म्हटले. त्याआधी १९८३ साली आर्ली हॉक्शिल्ड यांनी विमानातील सेविकांचा अभ्यास करून अशा कामाला भावनिक श्रम हे नाव दिले होते. आत काहीही चालले असो, चेहऱ्यावर नेमून दिलेली भावना ठेवणे हेही काम आहे, ते थकवते, आणि मालक त्यातून पैसे कमावतो.

या हसऱ्या कारखान्यातले कामगार १९८४ साली २२ दिवस संपावर होते. २०१८ साली कामगार संघटनांच्या पुढाकाराने तिथल्या सुमारे ५,००० कामगारांची पाहणी झाली. मागच्या दोन वर्षांत कधी ना कधी बेघर होतो, असे दर दहातल्या एकाने सांगितले. दिवसभर राजवाड्यासमोर उभे राहून हसायचे आणि रात्री गाडीत झोपायचे! त्याच वर्षी अ‍ॅनाहाइमच्या मतदारांनी, शहराकडून सवलती घेणाऱ्या मोठ्या रिसॉर्ट कंपन्यांनी ठरावीक किमान वेतन दिले पाहिजे, असा नियम मंजूर केला. तो आपल्याला लागू नाही, असे कंपनीने म्हटले. २०२३ साली अपील न्यायालयाने लागू असल्याचे ठरवले आणि २०२४ साली कंपनीला २३ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड मान्य करावी लागली. २०२४ च्याच मे महिन्यात, मिकी-मिनीचे मुखवटे घालून मुलांना मिठ्या मारणाऱ्या आणि परेडमध्ये नाचणाऱ्या कलाकारांनी ९५३ विरुद्ध २५८ मतांनी युनियनमध्ये जायचे ठरवले.

तेव्हा डिस्नीचे उदाहरण जरूर द्या. पूर्ण द्या. हसू तिथून आयात करणार असाल तर युनियनही आयात करा.

दर्जाची खरी कसोटी हसू नव्हे, हे आणखी एका बाजूने पाहू. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया येथील पार्कात राइड मोडून दोन जण ठार झाले, पंचवीसहून अधिक जखमी झाले. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या गेमिंग झोनला लागलेल्या आगीत किमान २७ माणसे जळून मेली, त्यांत लहान मुले होती आणि तिथले कामगारही. २०१६ साली चेन्नईजवळच्या एका पार्कात नव्या राइडच्या चाचणीसाठी कर्मचाऱ्यांनाच बसवले होते; राइड कोसळून त्यातला एक गेला. राइडवर उभा असलेला पोरगा तुमच्या मुलाच्या छातीवरचा पट्टा ओढून बघतो, लॉक बसल्याचा आवाज ऐकतो, उंचीची पट्टी बघून कोणाला तरी नाही म्हणतो. हे करताना तो हसत नाही, आणि हसू नयेच. 'माझ्या मुलाला बसू दिलं नाही, उद्धट आहे,' अशी तक्रार त्याच्याविरुद्ध जाते. खरे तर ती त्याच्या चांगल्या कामाची पावती आहे. बारा तास उभा राहिलेला, उद्या ठेवतील की काढतील हे माहीत नसलेला, तक्रारीला घाबरून नियम वाकवणारा पोरगा तुम्हाला लिव्हरवर हवा आहे का? पोटच्या पोराला त्याच्या हातात सोपवताना एवढा विचार तरी करा.

आता कायदा. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असलेल्या बाबासाहेबांनी आणलेल्या विधेयकातून, १९४६ च्या दुरुस्ती कायद्याने, कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात करमणुकीची ठिकाणेही येतात आणि त्यात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, जादा कामाला दुप्पट दर अशी तरतूद झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा ९ वरून १० तासांवर न्यायला मान्यता दिली. बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालणारेच हात घड्याळाचे काटे उलटे फिरवत आहेत. या निर्णयावर सेवेचा दर्जा घसरल्याचे रडगाणे गाणाऱ्यांपैकी किती जण बोलले? दहाव्या तासाला हसू कुठून आणायचे, हे त्यांनीच सांगावे.

आणि ज्या वाक्याने अस्वलातला तो पोरगा घाबरला होता, 'दिवस कापतात', त्याबद्दलही कायदा स्पष्ट आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात जे होते तेच २०१९ च्या वेतन संहितेत आहे: कोणत्या चुकीला दंड, त्याची मान्यता घेतलेली यादी आधी लावलेली हवी, कामगाराला आपली बाजू मांडायची संधी मिळायला हवी, आणि एका वेतनकालातला दंड वेतनाच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त नको. महिन्याचे २६ दिवस धरले तर एका दिवसाचा पगारच जवळपास ४ टक्के होतो. म्हणजे कामावर हजर असलेल्या माणसाचा, घामाने गुदमरून मुखवटा काढला म्हणून, अख्खा दिवस कापणे बेकायदा आहे. हा आकडा पार्कात, मॉलमध्ये, हॉटेलात काम करणाऱ्या आपल्या प्रत्येक पोरापोरीला पाठ पाहिजे.

आता थोडे आपल्या घरात. कारण लॉकरपाशी ओरडणारे ते गृहस्थ सवर्णच होते, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांचे आडनाव आम्ही विचारले नाही. आरक्षणाने, शिष्यवृत्तीने, आईबापांच्या घामाने शिकून साहेब झालेले आपले बांधवही वेटरला 'ए' म्हणतात, वॉचमनला 'अरे' म्हणतात, आणि जयंतीच्या व्यासपीठावर श्रमप्रतिष्ठेवर बोलतात. ज्यांच्या बापाने जोहार घातला त्यांना तो घेण्याची चटक लागावी, यासारखा बाबासाहेबांचा पराभव नाही. जातीची उतरंड अशीच टिकते. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला खाली बघायला कोणीतरी हवे असते. पार्कात तिकीट काढले की एका दिवसापुरते ते 'कोणीतरी' मिळते. गेटवर आम्हीही त्या म्हाताऱ्या गार्डवर ओरडलोच की.

संध्याकाळी निघताना डबे परत घ्यायला गेलो. ते बाहेर उन्हातल्या फळीवर ठेवायचा नियम होता. त्याने सगळे ४२ डबे स्वतःच्या केबिनच्या सावलीत ओळीने लावून ठेवले होते, भाजी आंबू नये म्हणून. कोणी सांगितले नव्हते. देताना तो हसला नाही, आम्हाला सरही म्हणाला नाही. आम्ही माफी मागितली तर म्हणाला, "मोजून घ्या." सेवा म्हणजे हे. ती विकत मिळत नाही आणि दमदाटीने तर नाहीच.

म्हणून आमच्या मागण्या. वर्षभर चालणाऱ्या कामावर कंत्राटदाराची नव्हे, पार्कमालकाची थेट नेमणूक हवी. प्रत्येक राइडवर बसायला खुर्ची, डोक्यावर सावली आणि पिण्याचे पाणी हवे. दुकानातल्या कामगारांना बसण्याचा हक्क केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली कायद्याने दिला आहे. मुखवट्याच्या पोशाखात सलग किती वेळ, याची लेखी मर्यादा आणि पुरेशी विश्रांती हवी. ग्राहकाच्या तक्रारीवर कामगाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय एक रुपयाही कापू नये. दर्शनी कामांवर वस्तीतल्या आणि आदिवासी पाड्यांवरच्या मुलामुलींना प्रशिक्षण देऊन नेमावे. आणि युनियन करायचे नाव काढले म्हणून कोणाला घरी बसवू नये.

वाचकांकडेही एक मागणे आहे. पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन जाल तेव्हा तक्रार करायची वेळ आली तर जरूर करा, पण कंपनीच्या नावाने करा, नेमप्लेटवरच्या नावाने नको. राइडवरच्या पोराला त्याची जेवणाची सुट्टी झाली का विचारा. सोबतच्या लेकरांनाही हे शिकवा. आणि तो हसला नाही, तर हसला नाही म्हणून सोडून द्या. त्याच्या आज्याने पुरेसे जोहार घातले आहेत.

जय भीम.